बायकोच्या वयात घातलेली चौदा वर्षं

सुरकुत्या घालवायचं क्रीम मी अकरा वर्षं विकलं. त्यानं सुरकुत्या जात नाहीत. हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं, तरी पुढची दहा वर्षं मी ते विकत राहिलो. आता मला पंच्याहत्तरावं चालू आहे. माझ्याकडून डब्या नेणाऱ्या काही जणी अजून आहेत, म्हणून हे लिहून ठेवतो.

क्रीम साधंच. शहागंजच्या बाजारातून ठोक भावात पांढरं क्रीम आणायचं, त्यात गुलाबपाणी आणि किंचित केशरी रंग घोटायचा, छोट्या डब्यांत भरायचं आणि पाचोड, बिडकीनच्या आठवडी बाजारात पथारी मांडायची. लावलं की कातडी ओल धरते, जराशी फुगते, बारीक रेघा दोन-चार तास दिसेनाशा होतात. तोंड धुतलं की जिथल्या तिथं.

गिऱ्हाइकाला पुरावा लागतो. माझा पुरावा पथारीवर शेजारी बसलेला असायचा. पाचोडला कापूस वेचणारी एक बाई परत आली आणि म्हणाली, "दादा, सहा डब्या झाल्या. गाल मऊ लागतोय, पण रेघ हाय तिथंच हाय."

"सोडू नका ताई, मधी सोडलं की मागं फिरतं," मी म्हणालो. "ही आमची मंडळी बघा. शेहेचाळीस."

बायको तेव्हा बत्तीसची होती. बाईनं तिच्याकडं निरखून पाहिलं आणि सातवी डबी घेतली.

पुंडलिकनगरात आम्ही नवे होतो. मूलबाळ नव्हतं, त्यामुळं वय ताडायला दुसरी खूण नव्हती. माझे केस लवकर पिकलेले, तेही कामाला आले. गल्लीत पहिली डबी शेजारणीनं घेतली. तिलाही मी शेहेचाळीसच सांगितलं होतं. ती स्वतः एक्केचाळीसची.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. बायको घरी आली ती वाण ओट्यावर ठेवून तशीच उभी राहिली.

"वयानं मोठी म्हणून मला आधी बसवलं," ती म्हणाली. "मग शेजारीण वाकून पाया पडली. मी पाय मागं घेतले, तर म्हणती, लाजता काय काकू. तिच्या मागनं सगळ्या पडल्या."

"मग तिथंच खरं सांगायचं नाय का?"

"तुमचा धंदा बसला असता."

मी उद्याच्या डब्या भरायला घेतल्या. धंदा पुढं माझ्या गप्प बसण्यावर चालला.

ती परत पथारीवर आली नाही. पण गल्लीत लागलेलं वय तिला काढून ठेवता येईना. तिच्या वयाच्या बायका तिच्यासमोर जपून बोलत, थट्टेला बसल्या की आवाज उतरवत. तिनं फिके रंग धरले, गजरा सोडला. भुलाबाईच्या गाण्यांना ती कडेला खुर्चीत बसायची. मंगळागौरीला कुणी तिला फुगडीला ओढलं नाही. तिचे पाय मात्र जमिनीवर ठेका धरायचे, ते मी दारातून पाहिलेलं आहे.

आणि लोक म्हणतच राहिले, काकूंचं वय दिसत नाही. दिसेल कसं? चौदा वर्षं त्या चेहऱ्यानं काढलीच नव्हती. माझं क्रीम तिनं एकदाही लावलं नाही, वासानं तिचं डोकं दुखायचं. थोडीफार कातडी टिकली ती बाहेर पडणं कमी झाल्यामुळं, डोक्यावरच्या पदरामुळं. क्रीमबद्दल मला इतकंच कळलं: उन्हापासून जपलं तर उपयोग होतो, ओल धरणारं काही लावलं तर तोंड मऊ राहतं, आणि वय मागं नेणारी डबी मी तरी भरलेली नाही. उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईला मी हे सांगायला हवं होतं. तिला मी सातवी डबी दिली.

या वर्षी गल्लीतल्या बायकांनी ठरवलं, काकूंना एक्क्याऐंशी लागलं, सहस्रचंद्रदर्शन करायचं. एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं. पुढाकार त्याच शेजारणीचा, आता ती शहात्तरची. सात-आठ जणी घरी आल्या. गुरुजींना जन्मतारीख हवी होती.

बायकोनं खुर्चीतून वाकून चहाचा कप खाली ठेवला. "यांना विचारा. माझं वय यांच्याकडं असतंय."

पस्तीस वर्षांत तिनं मला एवढं एकच वाक्य टोचून ऐकवलं. मी उभा राहिलो. बसून सांगण्यासारखं ते नव्हतंच.

"ही सदुसष्टची आहे," मी म्हणालो. "क्रीम खपावं म्हणून मी चौदा वर्षं वाढवून सांगितली. तिनं नाही, मी. क्रीमनं काही होत नव्हतं, तेही मला ठाऊक होतं."

शेजारीण पुढं सरकली. "म्हंजे पस्तीस संक्रांती मी लहानीच्या पाया पडले?"

"व्हय."

"आणि त्या डब्या?"

"साधं क्रीम नि गुलाबपाणी, वहिनी."

"तुमच्याशी मी मागनं बोलते." मग ती बायकोकडं वळली. "तू गं? तुला तोंड नव्हतं?"

बायको गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर सावरला आणि वाकून तिच्या पाया पडली. नंतर तिच्याहून मोठ्या होत्या त्या प्रत्येकीच्या. गुडघा दुखत होता, तरी एकही सोडली नाही. मी धरायला गेलो तर हात झटकला.

शेजारणीनं तिला उठवून आपल्या शेजारी सतरंजीवर बसवलं. खुर्ची रिकामीच राहिली.

"सदुसष्ट," शेजारीण मला म्हणाली. "पुन्हा सांगा, मोठ्यानं. त्या कोपऱ्यातल्या मावशीला कमी ऐकू येतंय. आणि उद्या घरोघर जाऊन सांगा, आम्ही नाय सांगणार तुमच्यासाठी."

मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या घरापासून सुरुवात केली. गल्ली संपली की पाचोडला जाणार आहे.