गुरुजींची दाढीची मशीन

जुन्या दाढीच्या मशिनी साफ करायचा नाद मला मोबाईलनं लावला. परदेशातला कुणी माणूस साबणानं लडबडलेली, गंजकी मशीन घेतो, तिचा पार्ट न् पार्ट सुटा करतो आणि दहा मिनिटांत लख्ख करून दाखवतो. मी बदनापूरच्या एका ऑफिसात कारकून, रोज जालन्याहून रेल्वेनं ये-जा करणारा. स्टेशन येईपर्यंत असे दोन व्हिडिओ आरामात बघून व्हायचे. मंग जुन्या बाजारातून तशा मशिनी आणून मीही घासायला लागलो. बायको म्हणायची, "स्वतःची दाढी आठ-आठ दिवस करत न्हाई, अन् दुनियेच्या मशिनी घासून राह्यले." तिनं काहीही म्हणावं, मला लई भारी वाटायचं. चार मशिनी काय सुधारल्या, मी स्वतःला कारागीर समजायला लागलो.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक रिटायर गुरुजी राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. माझ्या मुलीचे पाढे त्यांनीच पक्के करून घेतले. दसऱ्याला पंधरा दिवस होते तेव्हा ते रुमालात गुंडाळलेली एक मशीन घेऊन माझ्याकडं आले. या मशिनीला बुडाशी एक चाक असतं. ते फिरवलं की डोक्यावरची दोन झाकणं उघडतात, मधे पातं ठेवायचं आणि चाक उलटं फिरवून बंद करायचं. गुरुजींच्या मशिनीचं चाक गच्च बसलं होतं.

"तेवढं चाक फिरतं करून दे," ते म्हणाले. "बाकी कशाला हात लावू नको. अन् चमकवू तर बिलकुल नको. दसऱ्याला हिच्यानंच दाढी करून विहारात जात असतो मी."

मशीन त्यांच्या वडिलांची. भोकरदनकडच्या त्यांच्या गावात न्हावी त्यांच्या वस्तीतल्या माणसांची दाढी करत नसे. वडील नागपूरहून दीक्षा घेऊन आले, ते जालन्यात उतरून ही मशीन घेऊनच घरी गेले. मंग दर रविवारी लिंबाखाली बसून अख्ख्या वस्तीची दाढी करायचे. पातं बोथट झालं की काचेच्या पेल्यात आतून घासून त्याला धार आणायचे. "माझी पहिली दाढी बी त्यांनीच केली, हिच्यानंच," गुरुजी म्हणाले.

हे ते सांगत होते तेव्हा मी काय करत होतो? चाकाखालची फट बघत होतो. नुसतं हूं हूं करत होतो. आणि एक गोष्ट सांगायला जीभ रेटत नाही, ते गाव माझंही आहे. वस्तीतल्यांची दाढी करायची नाही असा त्या न्हाव्याला दम देणाऱ्यांत माझे आजोबा होते की नव्हते, हे मी घरात कधी विचारलं नाही. तेव्हाही तो विचार मनात डोकावला होता. मी गुरुजींना म्हटलं, "चहा घेता का?"

आता मशिनीचं सांगतो. जालन्याचं पाणी जड. साबण आणि क्षार आत साचून दगड होतात. त्याला उपाय साधा: कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, वरून मशीनचं तेल, आणि धीर. चार-पाच दिवस पाणी बदलत राहायचं, चाक जोर न लावता हलवून बघायचं. आज ना उद्या ते सुटतं. ही चाकाची मशीन खोलायची मात्र नसते. आतल्या दांडीचं टोक कारखान्यातच ठोकून चपटं केलेलं असतं. तिथं स्क्रू नाही, काही नाही. एकदा ते टोक काढलं की पुन्हा तसं बसत नाही. व्हिडिओवालेसुद्धा हे ओरडून सांगतात. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला सगळं माहीत होतं.

दोन दिवस मी शहाण्यासारखी ती भिजवली. तिसऱ्या दिवशी रविवार होता, सुट्टी होती, हात शिवशिवायला लागले. म्हटलं, जल्दी होईल, व्हिनेगरमध्ये टाकू. टाकली आणि जेवायला बसलो. जेवून जरा आडवा झालो तर डोळाच लागला. उठून बघतो तर वरचा चंदेरी मुलामा ढलप्यांनी सुटलेला आणि आतलं पिवळं पितळ उघडं पडलेलं.

तिथं तरी थांबावं की नाही? छे! आता बिघडलीच आहे तर पूर्ण खोलून, पॉलिश मारून, नव्यासारखी करून देऊ म्हटलं. गुरुजी खूश होतील म्हणे! चपटं टोक कानशीनं घासलं, त्यावर खिळा धरला आणि हातोडी मारली. तिसऱ्या घावाला दांडी सुटली, आणि तिच्याबरोबर एका झाकणाची बिजागरी कट् करून तुटली. झिजून झिजून कागदासारखी झाली होती ती. तुकडा परातीत पडला. झालं वाटोळं.

गुरुजींचं घर तिथून पन्नास पावलं. तुकडे रुमालात बांधून त्याच घडीला जायला पाहिजे होतं. बायकोही तेच म्हणाली, "अहो, सांगून टाका ना. काय खातेत का ते तुम्हाला?" मी तिच्यावरच खेकसलो, "तू गप्प बस, तुला काय कळतं यातलं!" तिला बराबर कळत होतं, म्हणूनच मला राग आला.

माझ्या डब्यात त्याच मेकची एक मशीन होती, मीच घासून चकचकीत केलेली. तिलाच मी मिठाच्या पाण्यात ठेवलं, राखेनं चोळलं, खाचांत साबण भरून वाळवला. जुन्याचं नवं करायची हौस होती ना मला? आता नव्याचं जुनं करत बसलो, तेही अगदी मन लावून. मध्येच एकदा चक्क वाटलं, काय झकास जमलंय! त्या क्षणाची मला आजही सगळ्यात जास्त शरम वाटते.

खऱ्या मशिनीचे तुकडे घरात नकोसे झाले होते. मंगळवारी घंटागाडी आली तेव्हा कॅरीबॅगेत बांधून मी स्वतः टाकून आलो.

संध्याकाळी गुरुजींना मशीन दिली. त्यांनी चाक फिरवलं, झाकणं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "कला हाय रे तुझ्या हातात." मी म्हटलं, "काही नाही हो गुरुजी, थोडं तेल लागलं." किती सहज म्हटलं!

दसऱ्याच्या सकाळी ते दारात उभे. पांढरा सदरा, पांढरं धोतर, चेहरा तुळतुळीत. मी "जय भीम गुरुजी" म्हणून खुर्ची पुढं केली. बायको पाणी घेऊन आली.

"आज दाढी लई गुळगुळीत झाली," ते म्हणाले. "म्हणूनच आलो. आमच्या मशिनीच्या पात्याखालच्या कंगव्याचा एक दात वाकडा होता. हनुवटीखाली हरेक वर्षी कापायची. आई म्हणायची, आज बा चावला का रे? साठ वर्षांत असं झालं न्हाई की ती चावली न्हाई."

त्यांनी मशीन टेबलावर ठेवली. "ही दुसरी हाय ना?"

मी काय बोललो असेन? म्हणालो, "नाही गुरुजी, तो दात मी सरळ केला." बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की जमीन फाटावी आणि मी आत जावं. गुरुजी शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरासमोर थांबावं तसे नुसते थांबले. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "तुटली गुरुजी. माझ्या हातानं तुटली."

"तुटू दे. वस्तू हाय, तुटायचीच. तुकडे दे, मी घेऊन जातो."

"तुकडे... घंटागाडीत टाकले."

"कधी?"

"मंगळवारी."

गुरुजी पाणी न पिताच उठले. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागतो. मी आधाराला हात पुढं केला, त्यांनी तो घेतला नाही. खालच्या पायरीवर थांबून, मागं न बघता म्हणाले, "मला नुसती हाक मारायची ना रे. पळालो असतो मी गाडीच्या मागं."