मुलीवर बोललेली पाच वाक्यं

त्या व्हिडिओतला माझा आवाज आठवला की अजूनही कान झाकून घ्यावेसे वाटतात. लाडिक, पढवल्यासारखा आवाज, आणि चेहऱ्यावर हसू.

गेल्या वर्षी मी महाराणा प्रताप नगरातल्या एका इंग्रजी संभाषणाच्या क्लासला जायला लागले. नवरा कारखान्यात इंजिनियर, शहर हिंदी बोलणारं, आम्ही राहायला अयोध्या नगरात, एकुलती मुलगी नववीत. तिच्या शाळेच्या पालकसभेत सगळं इंग्रजीत चालायचं आणि मी नुसती मान डोलवत बसायचे. त्याचा मला कंटाळा आला होता. क्लासच्या अकराच्या बॅचला आम्ही बाराजणी, सगळ्या गृहिणी. शिकवणारे सर तिशीचे, बोलायला फार गोड.

एका मंगळवारी सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'टीनेज' लिहिलं. खाली शब्द: मूडी, रिबेलियस, ऑकवर्ड, पीअर प्रेशर, आणि 'गोइंग थ्रू अ फेज'. रिबेलियस म्हणजे उलटून बोलणारी, ऑकवर्ड म्हणजे स्वतःच्याच हातापायांचं काय करावं ते न कळणारी, फेज म्हणजे आपोआप निघून जाणारे दिवस, असे अर्थ त्यांनी हिंदीत समजावले. मग म्हणाले, "घर के किसी टीनेजर पर पाँच सेंटेन्स बोलिए. जितना पर्सनल, उतना अच्छा."

मी उभी राहिले. माय डॉटर इज मूडी, हे पहिलं वाक्य. दोघीतिघी हसल्या. त्या हसण्यानं मला चेव आला. मग मी सांगितलं की ती आरशापुढे उभी राहून मुरुमं मोजते आणि रडते. पाळीचे डाग कुणाला कळू नयेत म्हणून न्हाणीघराचा नळ मोठा सोडून स्कर्ट स्वतःच धुते. वर्गातल्या एका मुलाचं नाव तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून इतकं खोडलंय की कागद फाटलाय. आणि शेवटी, हात उडवून, "शी इज गोइंग थ्रू अ फेज!"

मराठीत हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नसतं. एका परक्या पुरुषासमोर 'पाळी' हा शब्द माझ्या तोंडून निघालाच नसता. 'पीरियड्स' मात्र सहज निघाला. क्रियापदाला एस लागतोय ना, एवढंच माझं लक्ष होतं. ती माझी मुलगी आहे, हे त्या पाच वाक्यांपुरतं मी विसरले होते.

टाळ्या पडल्या. त्या क्लासात माझ्यासाठी पहिल्यांदाच.

"बहुत बढिया, मॅडम! एक बार कॅमेरे के सामने हो जाए?"

मी ओढणी नीट केली, पाण्याचा घोट घेतला आणि सगळं पुन्हा म्हणून दाखवलं. दुसऱ्यांदा जास्त छान जमलं.

शुक्रवारी मुलगी शाळेतून आली, बूट न काढताच आत आली आणि माझा फोन घेऊन त्यावर काहीतरी शोधू लागली. मग तो माझ्यासमोर धरला.

"ही तू आहेस?"

क्लासच्या सोशल मीडियावरच्या पानावर माझा व्हिडिओ होता. खाली गुलाबी अक्षरं, हसून लोटपोट झालेले पिवळे चेहरे, मागे कसलंतरी उड्या मारणारं संगीत.

"अगं, ते क्लासमध्ये..." मी म्हटलं. "तुझं नाव नाही घेतलं मी."

"नावाची जरूरत काय आहे, आई? तुझा चेहरा सगळ्यांना माहीत आहे. आज मी वर्गात गेले तर मागच्या बेंचवरून नळाचा आवाज काढत होते. पूर्ण क्लास हसत होती."

ती तिच्या खोलीत गेली. मी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. नळाच्या वाक्याला मी डोळा मिचकावला होता, हे मला तेव्हा दिसलं.

दुसऱ्या दिवशी क्लासला गेले. सर खूश होते.

"मॅडम, इतने व्यूज आज तक किसी को नहीं मिले! बच्ची है, दो दिन में भूल जाएगी. जस्ट अ फेज."

हे ऐकून अंगावर पाल पडावी तशी मी शहारले. त्या माणसाची किळस आली, आणि तिच्याबद्दल हे शब्द त्याच्याआधी मी बोललेय म्हणून माझी त्याहून जास्त.

"हटाइए. अभी."

ते हसले. मग मी बाहेर चौकशीच्या टेबलाशी जाऊन बसले आणि प्रवेशासाठी आलेल्या दोन बायकांना मोठ्यानं सगळं सांगितलं, या वेळी हिंदीत. पाच मिनिटांत सरांनी माझ्यासमोर व्हिडिओ काढून टाकला. पण मुलांच्या फोनांमध्ये तो केव्हाच उतरला होता. मी त्या क्लासात पुन्हा गेले नाही.

मुलीला सांगितलं तेव्हा ती फक्त "अच्छा" म्हणाली. पुढे तीन आठवडे विचारलं तेवढ्याचंच उत्तर.

एका संध्याकाळी मी तिच्या पलंगावर जाऊन बसले आणि तिला माझं सांगितलं. मी तेरा वर्षांची होते, नागपूरला. हळदीकुंकवाला जमलेल्या सगळ्या बायकांना माझ्या मावशीनं सांगितलं, "आमची पोरगी मोठी झाली बरं का." त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, एकीनं गाल ओढला. मी गच्चीत पाण्याच्या टाकीमागे लपून बसले होते, त्या सगळ्या जाईपर्यंत. मला वाटलं, हे ऐकून ती माझ्याजवळ येईल.

तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे तुला तर माहीत होतं."



आता ती दहावीत आहे. बोलते, डबा, ट्यूशन, मार्क यांच्याबद्दल. गेल्या महिन्यात तिचं डोकं फार दुखायला लागलं म्हणून डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरबाईंनी मलाच विचारलं, "कब से है?" मला माहीत होतं, पण मी मुलीकडे पाहिलं आणि गप्प राहिले. ती खुर्ची पुढे ओढून स्वतःच सांगू लागली.