मातीत खोचलेली गाजरं आणि शैलाताईंची वही

सलग तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या लोणच्यावर बुरशी आली, तेव्हा इंदूरला जायचं ठरलं. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आणि नाशिकच्या घराच्या गच्चीवर भाज्या लावायला लागलो. गाजर, मुळा, फ्लॉवर, मिरच्या सगळं उत्तम येतं, दोघांना संपत नाही इतकं येतं. उरलेल्याचं लोणचं घालतो आणि ते पंधरा दिवसांत पांढरं होतं. बायको सुनंदा काही बोलत नाही, बरणी उचलते आणि रिकामी करून आणते. तिचं ते न बोलणं मला जास्त लागतं.

त्यामुळे जानेवारीत तिनेच मोबाइलवर एक जाहिरात दाखवली तेव्हा मी लगेच हो म्हणालो. इंदूरजवळच्या एका फार्महाउसवर दिवसभराची कार्यशाळा. बागेतून आपल्या हाताने भाजी काढायची, राजघराण्याच्या काळातल्या मराठी पद्धतीने लोणचं घालायचं, बरणी घरी न्यायची. दोघांची फी आमच्या तीन दिवसांच्या हॉटेलच्या भाड्याहून जास्त होती. तरी भरली.

शनिवारी सकाळी सहाला गाडी काढली. नाशिक-इंदूर साधारण चारशे किलोमीटर, रस्ता बहुतेक चौपदरी, टोलनाके बरेच, तेव्हा फास्टॅगमध्ये पैसे ठेवून निघा. धुळ्याला नाश्ता केला. शिरपूर सोडलं की राज्याची हद्द आणि मग सेंधव्याआधीचा बिजासन घाट. तिथे ट्रकच्या मागे मुकाट चालायचं, ओव्हरटेक करू नका. खलघाटला नर्मदेच्या पुलाजवळ थांबून चहा घेतला. मानपूरच्या आधी पुन्हा मोठा चढ लागतो, तो संपला की हवाच बदलते. तीन वाजता आम्ही इंदुरात होतो. स्टेशनजवळ स्वच्छ खोली मिळाली. राजवाड्याच्या बाजूला गाडी घेऊन जाऊ नका, लावायला जागा सापडत नाही. संध्याकाळी रिक्षाने कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची दगडी स्मारकं, बघून आलो. दगडावरचं कोरीव काम इतकं बारीक आहे की मी तासभर हललो नाही.

रविवारी सकाळी पोहे खाल्ले. वाफेवरचे, वर शेव आणि जीरावन नावाचा आंबट-तिखट मसाला, बाजूला गरम जिलेबी. पंचवीस-तीस रुपयांत पोट भरतं. इथपर्यंत सगळं छान होतं.

फार्महाउस बायपासच्या पलीकडे. आमच्यासारखे पंधरा-सोळा जण आलेले, बरेच तरुण, बरेच नुसते फोटोंसाठी. चालवणाऱ्या बाई चाळिशीच्या, सुती साडीत, बोलायला गोड. सगळे त्यांना मॅडम म्हणत होते. त्यांनी प्रत्येकाला एक टोपली दिली आणि बागेत नेलं. चार वाफे, ओली काळी माती, गाजराच्या पाल्याचे हिरवे तुरे. एकेकाने गाजर उपटायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

माझी पाळी आली. मी पाला धरून हलका हिसका दिला आणि गाजर इतकं अलगद निघालं की मी मागे धडपडलो. गेली तीन वर्षं मी गाजरं उपटतोय. जमीन गाजर असं सोडत नाही. मी ते निरखून पाहिलं. धुतलेलं, सरळसोट, बारीक मुळांचा मागमूस नाही, आणि वरचा तुरा काडीने टोचून बसवलेला. शेजारचं उपटलं, तेही तसंच. मंडईतली गाजरं आणून सकाळी मातीत खोचली होती.

मी मॅडमना ते दाखवलं. त्या हसून म्हणाल्या, "अंकल, वो तो फोटो के लिए लगाया है."

बाकीचेही हसले. मला सांगा, यात हसण्यासारखं काय होतं? चारशे किलोमीटर गाडी हाणून मी मंडईतलं गाजर मातीतून उपटायला आलो होतो का? पण सुनंदाने माझा हात दाबला, म्हणून मी गप्प बसलो.

पुढे अंगणात सगळ्यांना गोलात बसवून मॅडमनी एक छापील पुस्तिका वाटली. त्यात त्यांच्या आजीचं नाव, आजी राजवाड्यात कशी जायची त्याची कहाणी, आणि सात लोणच्यांच्या पाककृती. त्या वाचून दाखवत होत्या आणि आमच्यासमोर ओल्या भाज्या काचेच्या बरण्यांत भरल्या जात होत्या. मसाला मात्र आतून, स्वयंपाकघरातून तयार होऊन येत होता. त्याचा वास अंगणभर होता, आणि तो वास खोटा नव्हता.

सुनंदा पाणी प्यायला आत गेली ती अर्धा तास आलीच नाही. आली ती माझ्या कानाशी बसून सांगायला लागली. आत साठीच्या एक बाई दगडी खलात मोहरी फेसत होत्या, शैलाताई त्यांचं नाव. मराठी ऐकून त्यांनी सुनंदाला स्टूल दिलं. बोलता बोलता कळलं की पुस्तिकेतल्या सातही पाककृती त्यांच्या घरच्या, त्यांच्या सासूबाईंनी हाताने लिहिलेल्या वहीतल्या. घर सुदामा नगरात, मागे स्वतःची बाग, उद्या या म्हणाल्या. आणि निघताना हळूच सांगितलं, बरणीचं झाकण लावू नका, या भाज्या ओल्या आहेत, खराब होतील.

हे ऐकल्यावर मला बसवेना. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर, माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत, विचारलं की आत जी बाई मोहरी कुटते आहे तिच्या सासूच्या पाककृती तुमच्या आजीच्या कशा झाल्या? गाजरं खोटी, आजीही खोटी का?

मॅडमचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी शांतपणे शैलाताईंना बाहेर बोलावलं. त्या पदराला हात पुसत आल्या, बारीक अंगाच्या, चष्म्याला दोरी लावलेली.

"दीदी, सबको बताइए, ये रेसिपी किसकी है?"

शैलाताईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मैडम की है," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मॅडमनी कोणाला तरी माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं, जणू मला उन्हाचा त्रास झाला होता. मी बरणी तिथेच ठेवली आणि सुनंदाला घेऊन निघालो. मॅडमचा राग होताच, पण खरं सांगतो, त्या क्षणी मला शैलाताईंचाही तितकाच राग आला होता. मी त्यांच्यासाठी उभा राहिलो आणि त्यांनी मलाच खोटं पाडलं होतं.

गाडीपाशी पोहोचतोय तोवर त्या मागच्या दाराने धावत आल्या. मला वाटलं माफी मागायला आल्या.

"भाऊ, तुम्ही मला एकदा विचारलं असतं ना," त्या म्हणाल्या. "ती वही मॅडमकडे आहे. दिवाळीच्या आधी मागितली त्यांनी, सिर्फ देखने के लिए. तेव्हापासून आज देते, उद्या देते. सीझन खतम होईपर्यंत गोड बोलून ती काढायची होती मला. सासूबाईंचं अक्षर आहे त्यात, दुसरं काही नाही राहिलं त्यांचं. आता त्या देतील का, तुम्हीच बोला."

त्या परत आत गेल्या. परतीच्या वाटेवर सुनंदा एवढंच म्हणाली की तिने मला सांगितलं होतं ते ऐकण्यासाठी, बोलण्यासाठी नाही.

सोमवारी सुदामा नगरला जावं की नाही यावर सकाळभर आमचा वाद झाला. मी म्हणत होतो, तोंड कसं दाखवायचं. सुनंदा म्हणाली, तोंड दाखवायलाच जायचं. रिक्षाने गेलो. दार शैलाताईंनीच उघडलं, हसल्या नाहीत, पण आत घेतलं. घरात त्या एकट्याच, मुलगा-सून बेंगळुरूला. त्यांच्या सासरचे लोक कधीकाळी होळकरांच्या पागेवर नोकरीला आले आणि इथलेच झाले, असं त्या सांगत होत्या, त्याच वेळी बाहेरच्या दूधवाल्याला "रुको भिया, आती हूँ" म्हणत होत्या.

मागे दोन खाटा मावतील एवढी बाग. गाजरं वाकडी, दोन पायांची, एकमेकांत गुंतलेली. मी एक उपटायला गेलो तर पाला हातात आला आणि गाजर खालीच राहिलं. खुरप्याने चहूबाजूंनी माती मोकळी करावी लागली. इतकं बरं मला कालपासून कशानेच वाटलं नव्हतं.

मग त्यांनी कापडाखालचं पातेलं दाखवलं. गाजर, मुळा, फ्लॉवर, मटार, हिरव्या मिरच्या, ओली हळद, सगळं चिरून मिठात घातलेलं. ते आदल्या रात्रीपासून मुरत होतं. म्हणजे काल गाडीपाशी मला बोलून घरी आल्यावर, बसून, त्यांनी आमच्यासाठी ते चिरलं होतं. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी माझ्या हातात चाळणी दिली.

पद्धत सांगतो. एक किलो चिरलेल्या भाज्या. शंभर ग्रॅम मीठ, त्यातलं निम्मं रात्री चोळायचं. सकाळी जेवढं पाणी सुटेल ते गाळून फेकून द्यायचं. माझी तीन वर्षांची बुरशी त्या पाण्यातून येत होती, कारण मी ते चव जाईल म्हणून आतच ठेवायचो. भाज्या सुती कापडावर उन्हात तीन-चार तास, हाताला ओल लागेनाशी होईपर्यंत. शंभर ग्रॅम मोहरीची डाळ लिंबाच्या रसात फेसायची, पाण्यात नाही. नाकात झिणझिण्या आल्या की फेसली. त्यात उरलेलं मीठ, दोन चमचे हळद, अर्धा चमचा हिंग, तेलात तळून कुटलेली चमचाभर मेथी, आणि सगळा मिळून दहा लिंबांचा रस. पाव लिटर तेल कडकडीत तापवून पूर्ण थंड करायचं, मग ओतायचं. तेल भाज्यांच्या वर यायला हवं, कमी पडलं तर आणखी तापवून गार करून घाला. चार दिवस बरणीच्या तोंडाला फक्त कापड, रोज कोरड्या चमच्याने हलवायचं, मग झाकण.

मोहरीची डाळ आणायला त्यांनी मला सियागंजच्या घाऊक बाजारात पिटाळलं होतं. तुम्हीही मसाले तिथूनच घ्या. परत आलो तोवर सुनंदा आणि त्या बागेच्या कट्ट्यावर बसून पोळ्या खात होत्या.

निघताना भरलेली बरणी हातात घेऊन मी म्हटलं, मी तुमच्याबरोबर येतो, वही मागू, लेखी तक्रार करू. त्या म्हणाल्या, "नका भाऊ. मी बघते." या वेळी मी ऐकलं. मंगळवारी सकाळी लालबागवरून एक चक्कर मारली, महालाच्या फाटकाचे फोटो काढले आणि त्याच रस्त्याने संध्याकाळी नाशिकला पोहोचलो.

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. त्यांनी वही मागितली तर मॅडमनी झेरॉक्स हातात ठेवली. मूळ वही पुस्तिकेच्या डिझायनरकडे आहे म्हणे. पुढच्या रविवारी शैलाताई वेळेवर कामाला गेल्या, खलासमोर बसल्या आणि हात मांडीवर ठेवले. बाहेर अंगणात वीसेक माणसं मसाल्याची वाट बघत होती. मॅडम आत आल्या, आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग दुसऱ्या बाईला बसवून पाहिलं, तिला मोहरी फेसता येईना. तासाभरात गाडी पाठवून वही आली. शैलाताईंनी पानं मोजली, पिशवीत घातली, आणि मग त्या दिवसाचा सगळा मसाला करून दिला. पाहुण्यांचा काय दोष, म्हणाल्या. त्यानंतर पुन्हा गेल्या नाहीत.

मी विचारलं, पुस्तिकेचं काय? ती चालूच आहे, त्यांनी सांगितलं, त्याच आजीच्या नावाने. माझा संताप पुन्हा उसळला. मी म्हटलं, माझ्या या ब्लॉगवर त्या जागेचं नाव पत्त्यासकट लिहितो. आणि मग आठवलं, म्हणून विचारलं, "लिहू का?"



"जागेचं नाव नका लिहू, फालतू भांडण होईल," त्या म्हणाल्या. "पाककृती लिहा. पूरी लिहा, माझ्या सासूबाईंची म्हणून. सगळ्यांनाच यायला लागली, तर मॅडम विकतील काय?"

सासूबाईंचं नाव गोदावरी. वर दिलेली पाककृती पूर्ण आहे, त्यातलं मी काही गाळलेलं नाही. आमची बरणी महिना झाला, स्वच्छ आहे. राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. तुम्ही हे लोणचं घाला, शेजारी द्या, आणि कोणी विचारलं तर गोदावरीबाईंचं म्हणून सांगा.