लंगडीवाली

निजामाच्या राज्यात परभणीच्या मुलींच्या शाळेत मी ड्रिलबाई होते. पुढे राज्य बदलल्यावर लोकांना माझी आठवण झाली. सत्कार झाले, शाली मिळाल्या, प्रत्येक वक्ता मला यशस्वी म्हणाला. शाली मी थंडीत वापरते. यशाचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

नवऱ्यानं टाकलेली बाई मी. भावाला माझं तोंड रोज बघायचं नव्हतं, म्हणून त्यानं मला पुण्याला ट्रेनिंगला धाडलं. लोक त्याला सुधारक म्हणाले. तिथे मी बास्केटबॉल शिकले आणि नोकरी परभणीत मिळाली. इथे हा खेळ कुणी पाहिलाही नव्हता. मी बुरुडाकडून दोन टोपल्या आणल्या, त्यांची बुडं कापली आणि मैदानाच्या दोन टोकांच्या कडुलिंबांना बांधल्या. गावानं त्याला टोपलीचा खेळ असं नाव दिलं. लोखंडी कड्या आल्या तरी नाव तेच राहिलं.

आमच्या सदर मुअल्लिमा, म्हणजे मुख्याध्यापिका, हैदराबादच्या होत्या. उर्दूतून बोलत, शिस्तीच्या पक्क्या. खेळाला त्यांची ना नव्हती, अट एकच होती, पडद्याची. सामन्याच्या दिवशी मैदानाभोवती कनाती लागत आणि आत फक्त बायकांना सोडत. दारावर आमची म्हातारी आया बसे. चेंडू चामड्याचा, म्हणून भटाबामणांच्या मुली घरी गेल्यावर अंगावर पाणी घेत. घेईनात का. खेळत तर होत्या.

मुली तयार करायला मला वेगळं काही करावं लागलं नाही. दोरीवरच्या उड्या, लेझीम आणि लंगडी. एका पायावर लंगडी घालत मैदानाच्या फेऱ्या मारायला लावायची मी, पाय बदलून बदलून. रडत, शिव्या घालत घालायच्या. पण त्या पायांनी आम्ही औरंगाबादला जाऊन सुभ्याची ढाल जिंकली. दुसऱ्या वर्षी पुन्हा जिंकली. रेल्वेच्या जनाना डब्यात ढाल मांडीवर घेऊन मुली परभणीपर्यंत गात आल्या.

त्यानंतर कनातीच्या आतली गर्दी वाढली. मानवतच्या, सोनपेठच्या बायका गाड्या जोडून यायच्या. मी मूर्ख, मला वाटलं बायकांना खेळाची गोडी लागली. एकदा ढाल जिंकून देणाऱ्या मुलीचं कौतुक करणाऱ्या एका बाईला मी विचारलं, कुठला डाव आवडला? ती म्हणाली, "डाव काय कळतोय आमाला. दम लागला न्हाई पोरीला, तेवढं बगितलं. आमच्याकडं पानी लांबून आणावं लागतंय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एरवी मुलगी बघायला गेलं की ती पोह्यांची ताटली घेऊन चार पावलं चालणार, खाली मान घालून नाव सांगणार. त्यात काय कळतं? इथे मात्र तासभर सगळं बघायला मिळायचं. उंची, चाल, दात, दम, राग येतो का, पडली तर रडते का. बैलबाजारात तरी मालकाला विचारून दात बघतात. माझी मुलगी जितकी चांगली खेळायची तितकी लवकर उचलली जायची. दरवर्षी मी संघ उभा करायचा आणि लग्नसराईनं तो मोडायचा. आंधळी दळते आणि कुत्रं पीठ खातं, ती आंधळी मी. वर आईबाप येऊन हात जोडत आणि म्हणत, बाई, तुमच्या हाताखाली गेली की पोरीचं लवकर जमतंय, हिलाही घ्या. असं माझं यश.

अशात ती आली. राणीसावरगावकडची, जमीनजुमल्याच्या घरातली, परभणीला मामाकडे राहणारी. तिचं नाव मी सांगणार नाही. सासरी ते तसंही बदललं. उंच, काटक, तोंडानं फटकळ. तिच्यासारखा नेम मी पुण्यातही पाहिला नव्हता. तिला मॅट्रिक व्हायचं होतं आणि हैदराबादच्या मुलींच्या कॉलेजात जायचं होतं, कारण तिथे खेळायला सिमेंटचं मैदान आहे असं मी तिला सांगितलं होतं. रोज विचारायची, बाई, सिमेंटवर चेंडू किती उंच उडतो? मॅट्रिकला दीड वर्ष होतं. तेवढ्यात कुणी तिला उचलू नये, एवढीच तिची आणि माझी इच्छा होती.

एका सामन्याला मानवतच्या एका मोठ्या घरच्या बायका आल्या. त्यांची गाडी उशिरा पोचली. मुली पाणी प्यायला बसल्या होत्या. त्यांनी दारावरच्या आयेला विचारलं, ती उंच कोण? आयेला मुलींची नावं कधी लक्षात राहिली नाहीत. ती मुलींना त्यांच्या करामतीवरून ओळखायची. ही दोरीवाली, ती लेझीमवाली. तिनं सरळ सांगितलं, "ती व्हय? ती लंगडीवाली. लंगडी हाय, पर लय गुनाची."

तिला म्हणायचं होतं, लंगडीत पहिली आहे. बायकांनी ऐकलं ते ऐकलं. एकमेकींकडे बघितलं आणि उरलेला खेळ न बघताच गाडीत जाऊन बसल्या. लंगडी पोर टोपलीच्या खेळात काय करील, एवढाही विचार कुणी केला नाही. महिन्याभरात मानवतपासून गंगाखेडपर्यंत झालं, अमक्याची पोरगी पायानं अधू आहे.

मला वाटलं पोर रडेल. ती पोट धरधरून हसली. म्हणाली, "बाई, आता मला कोनी बगायला येत न्हाई. मी मॅट्रिक होते." दुसऱ्या दिवसापासून मामाच्या घरापासून शाळेपर्यंत ती उजवा पाय ओढत यायची. कनातीच्या, नाहीतर शाळेच्या भिंतीच्या आड गेली की वाऱ्यासारखी पळायची. सामन्याच्या दिवशी मी तिला माझ्या शेजारी बसवून ठेवी. सुभ्यातली सगळ्यात चांगली खेळाडू माझ्या शेजारी दाणे खात बसलेली, आणि ढाल औरंगाबादकडे गेली. सदर मुअल्लिमांनी मला चांगलं फैलावर घेतलं. मी ऐकून घेतलं. इतक्या वर्षांत तो एकच सामना मी आनंदानं हरले.

मग तिचा बाप आला. मामानं पाय ओढण्याचं कळवलं होतं, त्यानं ते खरं धरलं होतं. दिवस रझाकारांचे होते, ज्याच्या घरात वयाची पोरगी त्याच्या जिवाला घोर. लंगडी हाय म्हणून कुणी उभं करीना, असं तो शाळेच्या व्हरांड्यात बसून सांगत होता. शेवटी सोनपेठकडच्या एका बिजवराला त्यानं शब्द दिला होता. बिजवराला पहिलीची दोन मुलं होती आणि पायाचं चालणार होतं.

मुलगी ऐकत होती. तिनं पदर खोचला, चेंडू घेतला आणि बापासमोर अख्खं मैदान पळत गेली. टोपलीत चेंडू टाकला, उलटी पळत आली, पुन्हा टाकला. मैदानावर तिला पाहणारा तो पहिला पुरुष. तो बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, फिरला आता.

तो माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "बाई, आता धड हाय म्हणून सांगत बसलो तर लोक काय म्हंतील? बाप दोष झाकायलाय म्हंतील. लंगडी म्हणूनच दिली, तर कोनी मला फसव्या म्हणणार न्हाई."

मी भांडले. सदर मुअल्लिमांनाही मध्ये घातलं, त्यांनी त्याला उर्दूतून खूप सुनावलं. तो हात जोडून हो हो म्हणत राहिला. पोरीचं आयुष्य गेलं तर चालेल, पण शब्द खोटा पडता कामा नये. असल्या इज्जतदार माणसांचा मला आजही संताप येतो. चोर परवडला, निदान काय चोरलं ते त्याला माहीत असतं.

लग्नाला मी सोनपेठला गेले. मुलीनं मनाशी काहीतरी ठरवलं होतं. मला एकदाच म्हणाली, "सरळ चालून दाखवते, बाई. फसवलं म्हणून तेच मोडतील." आणि ती खरंच तशी चालली. मांडवातून अंतरपाटाकडे, सगळ्या गावासमोर, पाठ ताठ, पाय सरळ, मैदानात उतरताना चालायची तशी. बायकांत कुजबुज झाली. बापाचा चेहरा पांढरा पडला. मी वरमाईकडे बघत बसले. कुणी काही मोडलं नाही. अक्षता पडल्या.

जेवणाच्या आधी वरमाई मला शोधत आली. तिचा चेहरा फुललेला होता. म्हणाली, "बाई, लंगडी म्हणून पत्करली अन् धड निघाली. आमच्या नशिबानं जास्तीचंच पदरात पडलं." मग माझा हात हातात घेऊन, आपल्या माणसाशी बोलावं तशी हळूच म्हणाली, "धाकट्याचं बी करायचंय. तुमच्याकडं अशी आनखी एखादी लंगडी हाय का?"

पाटावर बसलेल्या माझ्या मुलीनं ते ऐकलं. तिनं दोन्ही पाय शालूच्या आत ओढून घेतले.