खुर्च्या मांडल्याचं पत्र

"सही-शिक्का केलाय. एकदा वाचून घे."

सचिवाने कागद किचनच्या काउंटरवरून माझ्याकडे सरकवला. हातात दिला नाही, सरकवला. रविवारची दुपार होती. वहिनी, म्हणजे त्याची बायको, मागे ओव्हन पुसत होती. तो ओव्हन आधीच लख्ख होता.

मी वाचलं. वर मंडळाचं नाव, कोपऱ्यात गणपती. खाली इंग्रजीत चार ओळी. ही बाई आमच्या ओळखीची आहे. कार्यक्रमांच्या वेळी खुर्च्या मांडणे, सभागृहाची साफसफाई करणे अशा कामांत हिने मंडळाला मदत केली आहे. संपलं.

मी कागद उलटून पाहिला. मागे काहीच नव्हतं.

ऑस्ट्रेलियातल्या या वेरिबीत, याच मराठी मंडळाच्या मुलांना मी दोन वर्षं दर शनिवारी मराठी शिकवलं होतं. फळा माझा, खडू माझे, पुस्तकं मी परभणीहून सामानात कोंबून आणलेली. सचिवाची मुलगी 'ळ' म्हणायला माझ्याकडेच शिकली. "टीचर, इट्स टू हार्ड," म्हणून रडायची. तिच्यासाठी मी बाळ, केळं, काळं, पिवळं असं गाणं रचलं होतं. गणपतीच्या कार्यक्रमात तिने ते म्हटलं तेव्हा हाच माणूस पहिल्या रांगेत उभं राहून मोबाइलवर शूटिंग करत होता.

खुर्च्या मी मांडल्या, हे खोटं नाही. तिथे सगळेच मांडतात. सचिवही मांडतो. पण त्याच्याबद्दलच्या पत्रात कुणी ते लिहीत नाही.

मला ते पत्र हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, त्याच्यावाचून माझं अडलं होतं. ते कसं, तेही सांगते.

मी इथली पीआर आहे. कायमची रहिवासी. नाव कायमची, पण त्यात मेख आहे. इथे राहा, मरेपर्यंत राहा, कुणी हटकत नाही. मात्र बाहेर जाऊन परत आत यायची मुभा पाच वर्षांचीच असते. ती संपली की परत यायचा नवा व्हिसा घ्यायचा, आणि तो सरळ मिळायला मागच्या पाच वर्षांतली दोन वर्षं इथे काढलेली असावी लागतात. माझी दीडच भरत होती.

सिटिझनशिपचा फॉर्म भरायला घेतला होता मी. त्याच आठवड्यात बाबांना पॅरॅलिसिस झाला. घरात मी एकटीच मुलगी. दोन महिन्यांत येते म्हणून गेले आणि साडेतीन वर्षं परभणीत राहिले. बाबांना कुशीवर वळवणं, भरवणं, आंघोळ, सगळं मी आणि आईने केलं. शेवटी ते गेले. मी परत आले आणि महिन्याभरात माझी मुदत संपली. तीन महिने झाले नाहीत तोच आईच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, झडप बदलावी लागेल.

आता बाहेर पडले असते तर परत यायचं दार बंद. इथली नोकरी, भाड्याची खोली, दहा वर्षांची उलाढाल, सगळं त्या दाराच्या आत. आईच्या औषधांना इथलाच पगार पुरतो. आणि ऑपरेशनच्या कागदावर सही करायला माझ्याशिवाय घरचं कुणी नाही.

स्टेशनजवळ व्हिसाची कामं करणारी एक पंजाबी एजंट बाई बसते. तिने फाइल चाळली. दोन वर्षं भरत नसतील तर या देशाशी तुमचे घट्ट संबंध आहेत, त्यांचा देशाला काही फायदा आहे, हे दाखवावं लागतं, असं तिने समजावलं. नोकरीचे, घरच्यांचे, नाहीतर संस्कृतीचे. चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात मी परत लागून चारच महिने झाले होते, तेही कॅज्युअल. नवरा नाही, मूल नाही.

"दीदी, जॉब वीक है. आप मराठी सिखाती थीं ना? मंडल से लेटर ले आओ, फिर देखते हैं," ती म्हणाली.

म्हणून मी सचिवाच्या काउंटरपाशी उभी होते. मला 'बस' असंही कुणी म्हटलं नव्हतं.

"दादा, मी शिकवत होते ते राहिलंय यात," मी म्हणाले.

"हो, ते... ते मुद्दामच नाही टाकलं. कल्चरल टाइज म्हणजे आपली संस्कृती आली ना. उद्या कुणी पेरेंटने विचारलं तर मी काय सांगू?"

"बाराखडी शिकवली मी."

"अगं, आम्ही कास्ट-बिस्ट काही मानत नाही. ऑस्ट्रेलियात कोण बघतं? पण लोकं बोलतात. आणि तुमच्या लोकांचं वेगळं असतं ना काहीतरी, तिकडून का नाही घेत?"

तुमच्या लोकांचं. दोन वर्षं मी 'आपली' होते.

ते कधी फिरलं हे मला नेमकं माहीत आहे. माझ्या आडनावात काही कळत नाही. गावाच्या नावाला कर लावलेलं, कुणाचंही असू शकतं. मीही कधी सांगितलं नाही. कुणी "तुम्ही मूळचे कोण?" असं वळून विचारलं की मी "परभणीचे" म्हणायचे. बाबा गेले तेव्हा चुलतभावाने कार्ड केलं, निळी किनार, वर बुद्धाचा फोटो, खाली 'जलदान विधी व पुण्यानुमोदन'. त्या दिवशी मी रडून बधिर झाले होते. सगळ्या ग्रुपांवर कार्ड फॉरवर्ड केलं, त्यात मंडळाचा ग्रुपही होता. जोडलेले हात आले, 'आरआयपी' आलं. मग दोन जणांनी कार्ड उघडून नीट वाचलं असणार, कारण एकदम सगळं थांबलं. परत आले तर माझा वर्ग दुसऱ्या बाईकडे गेलेला. "तू दमली असशील गं," वहिनी म्हणाल्या होत्या. मी मान डोलावली. मला खरंच तसं वाटलं होतं. इतकी मी बावळट.

काउंटरवर त्या कागदाकडे बघताना मला माझ्या आजोबांची आठवण झाली. ते गावात जन्मले, गावातच मेले. ऐंशी वर्षांत चार-पाच रात्री बाहेर काढल्या असतील. तरी गावाने त्यांना कधी गावातलं धरलं नाही. इथलं सरकार निदान दिवस तरी मोजतं. दोन वर्षं दाखव म्हणतं, नाही भरली तर कारण विचारतं. आजोबांना कुणी आकडाच सांगितला नव्हता. किती दिवस राहिलो की आत घेणार, हे विचारायचीही सोय नव्हती.

आणि आई. आई शाळेत शिपाई होती. आयुष्यभर तिने खुर्च्या मांडल्या. शिक्षकांच्या, पाहुण्यांच्या, झेंडावंदनाच्या. त्याच पगारावर मी शिकले, विमानात बसले. खुर्च्या मांडायची लाज मला वाटूच शकत नाही. लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. हा माणूस माझा फळा पुसून टाकतोय आणि मी त्याला दादा म्हणून विनवतेय.

मी कागद उचलला नाही. बोटाने परत त्याच्या बाजूला सरकवला.

"हे तुमच्याकडेच ठेवा. मुलीला वाचायला द्या. तिला विचारा, ळ कुणी शिकवला."

"असं काय करतेस? एवढं करून दिलं..."

"चुकलात. हे मला नको."

वहिनींचं पुसणं थांबलं. मी चप्पल घातली आणि बाहेर आले. गाडीत बसले. दहा मिनिटं किल्ली फिरवली नाही. पहिला विचार काय आला असेल? परत आत जाऊन ते पत्र घ्यावं. खोटं नाही बोलत. आईचं ऑपरेशन डोक्यावर असताना ताठा परवडतो का? दोनदा दाराची कडी धरली, दोनदा सोडली.

मग मी सुनंदाताईंकडे गेले. यापेक्षा सचिवाच्या काउंटरपाशी उभं राहणं सोपं होतं.

सुनंदाताई अमरावतीच्या. इथे बस चालवतात. त्यांच्या गॅरेजमध्ये दर पौर्णिमेला आपली माणसं जमतात, वंदना होते, मुलांना गोष्टी सांगतात. सुरुवातीला मी दोनदा गेले होते, मंडळात कुणाला न कळवता. सहा वर्षांपूर्वी वेरिबीतल्या इंडियन दुकानात त्या भेटल्या होत्या. मी वहिनींबरोबर पोहे घेत होते. ताई समोरून आल्या आणि खुल्या आवाजात म्हणाल्या, "जय भीम."

मी म्हणाले, "नमस्कार."

आणि पोह्याच्या पाकिटावरची तारीख वाचत बसले. ताई क्षणभर थांबल्या आणि पुढे गेल्या. वहिनींनी विचारलं, "कोण गं?" मी म्हणाले, "असंच, ओळखीच्या." माझ्या बापाने ज्या शब्दावर मान ताठ ठेवली तो शब्द मी दुकानात गिळला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहितेय.

ताई गॅरेजमध्ये सतरंजी झटकत होत्या. मला पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बस."

मी बसले. सगळं सांगितलं. दुकानातलंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "आठवतंय मला. घरी येऊन लय वाईट वाटलं होतं. पण मीही कधीकाळी केलंय तसं. बोल, काय पायजे?"

"पत्र."

"देते. पण खोटं नाही लिहिणार हं. तू इथं दोनदाच आलीस. दोनदाच लिहीन."

"ताई, थोडं वाढवून..."

"नाही. त्यानं तुझं खरं कापलं, मी तुला खोटं जोडू का? आपल्या कागदावर खोटं नको."

मला राग आला त्यांचा. आईचं सांगितलं, ऑपरेशनचं सांगितलं. त्यांचे डोळे भरले, पण हात हलला नाही. मग त्यांनी वहीचं पान घेऊन साध्या इंग्रजीत लिहिलं, या बाई आमच्या सभांना दोनदा आल्या. खाली सही, फोन नंबर, बस ड्रायव्हर.

दुसऱ्या दिवशी एजंट बाईने ते पान बघून कपाळावर हात मारला.

"दीदी, ये तो जॉब से भी वीक है."

"यही लगाओ. और मैं खुद का लिखकर लाती हूँ."

मी तीन पानं लिहिली. दोन वर्षांचे शनिवार लिहिले. मुलांची नावं नाही, पण किती जण बाराखडी पूर्ण शिकले ते लिहिलं. वर्गाचे फोटो, त्या गाण्याचं रेकॉर्डिंग, जुने मेसेज जोडले. मंडळाचं पत्र का जोडलेलं नाही, तेही लिहिलं. जात हा शब्द इंग्रजीत लिहिताना हात अडला, तरी लिहिला. शेवटी लिहिलं की माझ्या लोकांकडे मी दोनदाच गेले, कारण मी लपले होते.

"ये कास्ट-वास्ट ऑफिसर को समझ में नहीं आएगा," एजंट म्हणाली.

"आएगा. नहीं आया तो फिर से लिखूँगी."

अर्ज गेला. अजून उत्तर नाही. रोज सकाळी ईमेल उघडते, बंद करते. काच घासताना मशीन थांबवून पुन्हा बघते. सुपरवायझर म्हणतो, "यू राइट, मेट?" मी म्हणते, "नो वरीज." वरीज पुष्कळ आहेत.

आईच्या ऑपरेशनची तारीख मात्र आली. पुढचा गुरुवार. काल तिकीट काढलं, जायचं. यायचं काढलेलं नाही.

आईने फोनवर विचारलं, "तुला परत जाता येईल ना गं?"

"माहीत नाही."

"मग येऊ नकोस. मी करते सही."

"गप. येतेय मी."

विमानतळावर सोडायला सुनंदाताई येणार आहेत, शिफ्ट बदलून. मंडळाच्या ग्रुपमधून मी अजून बाहेर पडलेले नाही. मुद्दाम. ते तीन पानांचं पत्र काल तिथेच टाकलं, वर 'जय भीम' लिहून. सगळ्यांनी वाचलंय, निळ्या खुणा दिसतात. एकही जोडलेला हात आलेला नाही.

व्हिसा आला तर परत येईन. नाही आला तर परभणीतून पुन्हा अर्ज करीन, त्यातही हेच लिहीन. आणि वेरिबीत पुन्हा पाय ठेवला की माझा वर्ग मी सुरू करणार. ताईंच्या गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवून, ज्याला यायचं त्याने यावं. खुर्च्या मीच मांडीन. त्यातल्या एकीवर बसून शिकवीन.