इंदूरवरून दिल्लीकडे

पुण्याहून निघालेल्या विमानाच्या खिडकीतून नर्मदा दिसली आणि माझा जीव कळवळला. नदीपलीकडे इंदूर, तिथे आई. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दुपारी तिची पट्टी निघणार होती. "डोळा उघडला की आधी तुलाच बघायचंय," असं ती फोनवर म्हणाली होती. आणि आम्ही इंदूर ओलांडून दिल्लीला चाललो होतो.

"अहो, इंदूर मागे पडलं," मी नवऱ्याला म्हटलं.

"दिल्लीवरून इंदूरला जायचं तिकीट स्वस्त, शिवाय विमान कंपनीचे माइल्स दुप्पट," ते खुशीत म्हणाले. "त्या माइल्सवर पुढच्या वर्षी अंदमान फुकट!"

दिल्लीत इंदूरच्या विमानासाठी चार तास बसलो. राग जितका त्यांचा, तितकाच स्वतःचा येत होता. तिकीट काढताना मीही मान डोलावली होती. वाचलेले पैसे लगेच दिसतात. आपली वाट बघत बसलेलं माणूस तेव्हा दिसत नाही.

संध्याकाळी पोचलो. पट्टी केव्हाच निघाली होती.

"समोर कोण होतं गं?" मी विचारलं.

"नर्स होती," आई म्हणाली. "अंधुक दिसत होतं ना, मी तिलाच तुझ्या नावाने हाक मारली."