हाकेआधीचं ताट

माझी धाकटी जाऊ एदुविगेस हिच्याइतकी हट्टी बाई अख्ख्या सकात्लान गावात शोधून सापडायची नाही. पण चिलाकिलेस करावेत तर तिनंच. आदल्या दिवशीच्या तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, कापून फडक्यावर वाळवायच्या, सकाळी कडक तळायच्या, शेजारी हिरव्या टोमॅटोचा झणझणीत सालसा रटरटत ठेवायचा. तुकडे सालशात पडले, वर चीज चुरलं, की मगच खाणाऱ्याला हाक. आधी बोलावलं की लोक गप्पा छाटत बसतात आणि तुकड्यांचा लगदा होतो, असं तिचं म्हणणं. माझा दीर जिवंत होता तेव्हा तोही बिचारा अंगणात ताटकळायचा.

तिची एकुलती एक लेक नेरेइदा. तिनं बँडमध्ये ट्यूबा हा भलामोठा कर्णा वाजवणाऱ्या उलीसेसशी लग्न ठरवलं आणि हिचं डोकं फिरलं. फुंकून का संसार चालतो, म्हणाली, आणि लग्नाला गेलीच नाही. चर्चमध्ये आईच्या जागी मी बसले. मेली लाज वाटली मला.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आमच्यात पाहुण्यांना पुन्हा जेवू घालतात. त्या सकाळी मी डोकावले तर ही चुलीपुढे. टेबलावर निळ्या फुलांची दोन ताटं, ठेवणीतली.

"जावयाला तिखट चालतं का गं?" तिनं हळूच विचारलं. मला भरून आलं. बाईनं माघार घेतली होती, आणि तिला ती अशीच घेता येत होती.

पण मन वळलं ते पहाटे, त्यामुळे घरात वाळवलेल्या तोर्तिया कुठल्या? ताज्याच कापल्या. त्यांनी तेल पिऊन मान टाकली. तिनं सगळा घाणा फेकला आणि दुसरे तुकडे तव्यावर सुकवायला घेतले.

तेवढ्यात दोघं आली. त्यांना माँतेर्रेची बस गाठायची होती. नेरेइदा बॅग घ्यायला आतल्या खोलीत गेली. उलीसेस फाटकाबाहेर उन्हात उभा राहिला. बोलावल्याशिवाय आत कसा येणार?

"अगं, त्याला आत तरी बोलाव," मी म्हटलं.

"झाले की मी स्वतः जाते ना बोलवायला. मऊ वाढू का त्याला पहिल्यांदा?"

मी कपाळाला हात लावला. नेरेइदा बाहेर आली, आईच्या पाठीकडे बघत उभी राहिली, मग तिनं खिडकीतून नवऱ्याकडे बघितलं. निघतो आम्ही, म्हणाली. सालसा उडत होता, एदुविगेसनं मान न वळवता "हं, झालंच" म्हटलं. ताटं वाढून, एप्रनला हात पुसत ती फाटकाशी गेली तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं.

मी लगेच नेरेइदाला फोन लावला, स्पीकरवर. दोन ताटांचं सांगितलं.

"काकू, त्याला मऊच आवडतात," नेरेइदा म्हणाली. "आणि आईनं नुसतं 'ये' म्हटलं असतं तर तो उपाशीसुद्धा आनंदानं गेला असता. आता नाही यायचा तो. मीही त्याला 'चल' नाही म्हणणार."

एदुविगेस फोनवर वाकली.

"झाले नव्हते गं अजून," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.